किलोमीटर राहू द्या, तास सांगा

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर आहे. घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, आणि दोरा ताणून बघा. तो अरबी समुद्राकडे वळत नाही आणि जपानच्या बाजूलाही झुकत नाही. मुंबईतून जवळजवळ सरळ उत्तरेला निघतो, राजस्थान आणि पंजाब ओलांडतो, लडाख आणि काराकोरमच्या माथ्यावरून चीनच्या शिनजियांग प्रांतात शिरतो आणि सायबेरिया कापत वर चढत जातो. लेना नदी आर्क्टिक समुद्राला मिळते त्या टापूत अर्धी वाट संपते. मग अलास्कावरून उतरत दोरा कॅलिफोर्नियाला पोचतो.

दोन विमानतळांमधलं अंतर म्हणून इंटरनेटवर जो आकडा दिसतो, तो या दोऱ्याच्या लांबीचा. त्याखाली बहुधा उड्डाणाचे तासही दिलेले असतात. ते अंतराला विमानाच्या सरासरी वेगानं भागून काढलेले. गणित बरोबर असतं, पण त्या वाटेनं विमान जात नाही.

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न याच गणितातून निघालेला असतो. मुलगी किंवा मुलगा कॅलिफोर्नियात किंवा न्यूजर्सीत. सुनेचं किंवा लेकीचं बाळंतपण जवळ आलेलं. आई एकटी निघाली आहे, सांगलीहून, नाशिकहून, कधी पुण्याहून. वय पासष्टच्या पुढे, गुडघे दुखरे, साखरेच्या गोळ्या चालू. प्रश्न एकच: किती तास बसावं लागेल? या बाईंना किलोमीटरशी काही देणंघेणं नाही. त्यांना तास हवे आहेत, आणि नेमके तासच त्यांना कुणी नीट सांगत नाही.

तास कशावर ठरतात ते आधी पाहू. पहिला अडथळा डोंगरांचा. तिबेटच्या पठाराची सरासरी उंची साडेचार हजार मीटरच्या वर आहे आणि काराकोरम त्याहून कितीतरी उंच. विमानाच्या आतला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला काही मिनिटांत तीन हजार मीटरच्या आसपास खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावरून सुटणाऱ्या मास्कमधला प्राणवायू साधारण पंधरा-वीस मिनिटांपुरता असतो. खाली साडेचार हजार मीटर उंचीची जमीन असेल तर उतरायचं कुठे? म्हणून विमानं हा भाग टाळतात आणि दोरा तिथेच वाकडा होतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची, आणि ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत विलक्षण वाटते. एअर इंडियाची दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सेवा डिसेंबर 2015 मध्ये सुरू झाली. सुरुवातीला विमान पश्चिमेला, युरोप आणि अटलांटिकवरून जायचं. वाट सुमारे 13,900 किलोमीटरची, वेळ साडेसोळा तासांच्या घरात. ऑक्टोबर 2016 मध्ये कंपनीनं दिशाच उलटी केली. विमान पूर्वेला निघालं, पॅसिफिक महासागर ओलांडून गेलं. ही वाट सुमारे 15,300 किलोमीटरची, म्हणजे आधीच्या वाटेपेक्षा चौदाशे किलोमीटर जास्त. वेळ लागला साडेचौदा तास. चौदाशे किलोमीटर जास्त चालून विमान दोन तास आधी पोचलं!

असं झालं याचं कारण पृथ्वीचं फिरणं नव्हे, जरी पुष्कळांना तसं वाटतं. हवा पृथ्वीबरोबरच फिरत असते. कारण आहे जेट स्ट्रीम: नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा, हिवाळ्यात कधी ताशी तीनशे किलोमीटरपर्यंत चढणारा. पूर्वेला जाणाऱ्या विमानाला तो पाठीमागून ढकलतो, पश्चिमेला जाणाऱ्याच्या छातीवर येतो. 8 फेब्रुवारी 2020 च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोचलं, एरवी ज्याला सहा-साडेसहा तास लागतात. त्या रात्री अटलांटिकवर वादळ होतं आणि वैमानिकांनी त्याची पाठ धरली होती.

या वाऱ्याचा शोध लावला जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी, 1920 च्या दशकात, हवेत फुगे सोडून आणि ते कुठे वाहत जातात याची चिकाटीनं नोंद ठेवून. जगभर वाचलं जावं म्हणून त्यांनी अहवाल एस्पेरांतो या भाषेत छापला, आणि नेमक्या त्यामुळेच तो फारसा कुणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर आलेल्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानांच्या वैमानिकांना या वाऱ्याचा तडाखा बसला, तेव्हा कुठे जगाला त्याची दखल घ्यावी लागली. आज ज्या वाऱ्याच्या भरवशावर कंपन्या इंधन वाचवतात, त्याच्या पहिल्या निरीक्षकाचं नाव विमानप्रवाशांनाही माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

या वाऱ्यामुळे मुंबई–सॅन फ्रान्सिस्को या एकाच वाटेला दोन वेळा आहेत. पूर्वेकडून जाताना साधारण पंधरा-सोळा तास, परत येताना सतराच्या आसपास. हिवाळ्यात हा फरक वाढतो, उन्हाळ्यात घटतो. म्हणजे सांगलीच्या बाईंना जाताना एक उत्तर आणि येताना दुसरं. आणि तरीही हे दोन्ही तास स्वच्छ, मोकळ्या आकाशातले आहेत.

आकाश मोकळं नसतं. 1944 च्या शिकागो कराराचं पहिलंच कलम सांगतं की प्रत्येक देशाच्या जमिनीवरच्या आकाशावर त्या देशाचं पूर्ण सार्वभौमत्व आहे. वरून जायचं तर परवानगी लागते आणि बहुतेक ठिकाणी पैसे मोजावे लागतात. परवानगी काढूनही घेतली जाते. फेब्रुवारी 2019 मध्ये बालाकोटवरच्या भारताच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्ताननं आपलं आकाश बंद केलं ते जुलैच्या मध्यापर्यंत. त्या काळात एकट्या एअर इंडियाचं 491 कोटी रुपयांचं नुकसान झाल्याचं सरकारनं संसदेत सांगितलं. पहलगामच्या हत्याकांडानंतर 24 एप्रिल 2025 ला ते पुन्हा भारतीय विमानांसाठी बंद झालं. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला निघालेली विमानं गुजरात आणि अरबी समुद्राकडे वळसा घालून जाऊ लागली आणि इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरू लागली. त्याच वर्षी 1 सप्टेंबरपासून एअर इंडियानं दिल्ली–वॉशिंग्टन सेवा थांबवली. विमानांची कमतरता हे एक कारण होतं, बंद आकाश हे दुसरं.

मुंबईला याचा फटका दिल्लीइतका बसत नाही, कारण मुंबईहून पश्चिमेला निघालेल्या विमानासमोर समुद्र मोकळा असतो. पण पुढे इराण आहे, इराक आहे, आणि जून 2025 मध्ये इराण-इस्रायल संघर्षात ती वाटही बंद पडली. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्या घरांत त्या दिवसांत रात्री-अपरात्री फोन वाजत होते. युद्ध दोन देशांचं आणि विमानतळावरच्या खुर्चीत अडकून पडली तिसऱ्याच देशातली माणसं.

हे फक्त आपल्याच वाट्याला आलेलं नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियाचं आकाश युरोपीय आणि अमेरिकन कंपन्यांना बंद झालं. फिनलंडच्या फिनएअरनं आपला सगळा धंदा एका गोष्टीवर उभा केला होता: युरोपातून आशियाला जायचं तर हेलसिंकीहून रशियावरून सर्वांत जवळ. हेलसिंकी–टोकियो नऊ-साडेनऊ तासांचं उड्डाण होतं, ते तेरा तासांवर गेलं. विमान उत्तर ध्रुवाला वळसा घालून जाऊ लागलं. दोन्ही शहरं होती तिथेच आहेत, मधला दोरा एक मिलिमीटरही लांबलेला नाही. भारतीय कंपन्यांना मात्र रशियाचं आकाश खुलं राहिलं, म्हणून आपली विमानं अमेरिकन कंपन्यांना बंद असलेल्या वाटेनं जात राहिली.

त्या वाटेचीही एक किंमत आहे. दोन इंजिनांच्या विमानाला नियमानं ठरावीक वेळेच्या आत गाठता येईल असा एखादा विमानतळ सतत जवळ ठेवावा लागतो. 6 जून 2023 ला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाच्या एका इंजिनात बिघाड झाला आणि ते रशियाच्या अतिपूर्वेला मगादान इथे उतरलं. 216 प्रवासी आणि 16 कर्मचारी. छोटं शहर, पुरेशी हॉटेलं नाहीत, भाषा येत नाही, जेवण परकं. तात्पुरत्या निवाऱ्यात राहून, मुंबईहून दुसरं विमान पोचल्यावर ती माणसं पुढे गेली. वैमानिकांनी योग्य तेच केलं. पण त्या विमानात मधुमेहाची औषधं हातातल्या पिशवीत न ठेवता मोठ्या बॅगेत टाकलेलं कुणी असेल, तर त्याचे ते दिवस कसे गेले असतील, हा विचार मनातून जात नाही. औषधं नेहमी हातातल्या पिशवीत ठेवा, आणि प्रवासाच्या हिशेबापेक्षा चार-पाच दिवसांची जास्त.

आता खुर्चीतल्या शरीराचं पाहू. उडत्या विमानात आतला दाब समुद्रसपाटीचा नसतो. नियमानं तो 2,400 मीटर उंचीवर असतो तितपत उतरू दिला जातो. बोइंग 787 किंवा एअरबस ए-350 सारख्या नव्या विमानांत तो 1,800 मीटरच्या आसपास राखतात. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटरचं आहे. म्हणजे खिडकीशेजारी निवांत बसलेल्या आपल्या बाई सोळा तास कळसूबाईहूनही उंच ठिकाणी बसलेल्या असतात, आणि तेही अशा कोरड्या हवेत जिथली आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली गेलेली असते. घसा सुकतो, पाय सुजतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांपेक्षा जास्त वेळ हालचाल न करता प्रवास केला तर पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. एरवी निरोगी असलेल्या माणसाला तो सहा हजारांत एक इतका लहानच आहे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण आधी गुठळी झालेली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. आणि डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार तो हाच, की सलग किती तास बसणार?

इथे एक चुकीचा सल्ला सर्रास दिला जातो. ‘सोळा तास बसवत नसेल तर दुबईला हॉल्ट घ्या.’ मुंबई–दुबई तीन तासांचं अंतर. दुबई–सॅन फ्रान्सिस्को मात्र सुमारे तेरा हजार किलोमीटर, पुन्हा पंधरा-सोळा तास. म्हणजे हॉल्ट घेऊन सलग बसणं जवळजवळ तेवढंच राहिलं, वर तीन तासांचं एक उड्डाण आणि मध्यरात्रीचं थांबणं वाढलं. सिंगापूरचंही तसंच, पुढचा टप्पा तेरा हजार किलोमीटरच्या वरचा. वाट खरोखर दुभंगते ती फ्रँकफर्ट किंवा लंडनला, नऊ-दहा तास आणि अकरा तास अशी. टोकियोला तर त्याहून समान, आठ आणि नऊ. ज्यांचे गुडघे किंवा हृदय सोळा तास मानत नाहीत त्यांनी मधला थांबा असा मध्यावरचा निवडावा, व्हिसाचे नियम आधी तपासून, आणि शक्य असेल तर तिथे एक रात्र मुक्काम करून. तिकीट चार-पाच हजारांनी स्वस्त म्हणून आखाती थांबा घेतलेल्या कितीतरी मुलांचे आई-वडील अमेरिकेत पोचेपर्यंत अर्धमेले झालेले असतात.

विनाथांबा उड्डाणाचं कौतुक मलाही आहे. 8 जून 1948 ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हाला थांबत लंडनला गेलं, जे. आर. डी. टाटा स्वतः त्यात होते. 1960 मध्ये बोइंग 707 आलं आणि तीच वाट न्यूयॉर्कपर्यंत लांबली. 1 ऑगस्ट 2007 ला मुंबई–न्यूयॉर्क सलग उड्डाण सुरू झालं, डिसेंबर 2022 मध्ये मुंबई–सॅन फ्रान्सिस्को. जानेवारी 2021 मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल, पापागरी तन्मई, आकांक्षा सोनवणे आणि शिवानी मन्हास या चार महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून विमान बंगळुरूला आणलं. अशा उड्डाणाला निघालेल्या मोठ्या विमानाच्या वजनात इंधनाचा वाटा चाळीस टक्क्यांपर्यंत जातो. त्यातलं बरंचसं इंधन उरलेलं इंधन वाहून नेण्यातच जळतं. इतक्या काट्यावर तोललेला हा प्रवास आहे. वारा थोडा फिरला, एखादं आकाश बंद झालं, की वैमानिकाला कुठेतरी उतरून टाकी भरावी लागते किंवा काही खुर्च्या रिकाम्या ठेवाव्या लागतात. जून 2025 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला येणारं विमान कोलकात्याला थांबून येत होतं.

घड्याळाचा गोंधळ वेगळाच. दुपारी मुंबईहून निघालेलं विमान सोळा तास उडून त्याच तारखेच्या संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोला उतरतं, कारण हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतं आणि उन्हाळ्यात साडेबारा. येताना उलट, दोन तारखा उलटतात. पोचण्याची तारीख मुलांना चुकीची कळवली जाते, हे होतंच. त्याहून गंभीर म्हणजे इन्सुलिनची वेळ चुकते. तिकिटावरचे स्थानिक वेळेचे दोन आकडे वजा करून प्रवासाचे तास काढू नका. औषधाचं वेळापत्रक डॉक्टरांकडून तासांच्या अंतरानं लिहून घ्या, आणि पोचेपर्यंत एक घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या.

आणि विमानाच्या आधीचे तास? कोल्हापूरहून मुंबई विमानतळ गाठायला सात-आठ तास, तीन तास आधी हजर राहायचं, पलीकडे इमिग्रेशनची रांग, तिथून मुलाचं घर. उड्डाण सोळा तासांचं असलं तरी घरातून निघालेलं माणूस घरात पोचेपर्यंत तीस तास सहज होतात. व्हीलचेअर मागण्यात कमीपणा मानणाऱ्यांना हे तीस तास आठवून पाहायला सांगावं.

एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानचं आकाश बंद झाल्यावर दोन दिवसांत देशातल्या विमानवाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएनं कंपन्यांना एक चांगलं पत्रक पाठवलं. मार्ग बदलला आहे, प्रवास लांबणार आहे, मध्ये तांत्रिक थांबा असू शकतो, हे प्रवाशांना चेक-इनच्या आणि विमानात चढण्याच्या वेळी स्पष्ट सांगा. जास्तीचं पाणी, जेवण आणि वैद्यकीय साहित्य ठेवा. या पत्रकाबद्दल मी डीजीसीएचे आभार मानेन. पण चेक-इनच्या खिडकीपाशी सामान देऊन झालेली, मागे मुलगा निरोप घेऊन परतलेला, हातात बोर्डिंग पास, अशा अवस्थेत सत्तरीच्या बाईंना ‘वीस तास लागतील’ म्हणून सांगितलं तर त्या काय करणार? तेव्हा त्यांच्या हातात कुठलीच निवड उरलेली नसते. निवड असते ती तिकीट काढताना.

कंपन्यांकडे सगळी माहिती आहे. प्रत्येक उड्डाणाला खरोखर किती वेळ लागला याची नोंद त्यांच्याकडे रोज होते. ती तिकीट विकणाऱ्या पानावर भाड्याच्या शेजारी ठळक अक्षरांत दिली जावी, आणि गल्लीतल्या ट्रॅव्हल एजंटनंही ती गिऱ्हाइकाला वाचून दाखवावी, असा नियम डीजीसीएनं करावा. तोही आकाश बंद असेल तेवढ्यापुरता नको, कायमचा हवा. तीन ओळी पुरतील: गेल्या महिन्यात या उड्डाणाला लागलेला कमीत कमी आणि जास्तीत जास्त वेळ, वाटेत इंधनासाठी किती वेळा उतरावं लागलं, आणि सर्वांत लांब सलग टप्पा किती तासांचा.